लेकीला बाहेर एमबीबीएसला पाठवायचं की अजून एक ड्रॉप? नियम कुणीतरी नीट समजावून सांगा

वसुधा_कासारवडवली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मुलगी २०२५ च्या नीटला बसली होती, चारशेच्या आसपास मार्क आले. तो पेपर कसा होता ते ज्यांच्या घरात मूल होतं त्यांना सांगायला नको, फिजिक्सने सगळ्यांना रडवलं. आम्ही ओपनमध्ये. सीईटी सेलचे सगळे राउंड बघितले, सरकारी तर लांबच राहिलं, खाजगीतल्या स्टेट कोट्यातही नंबर लागला नाही. डीम्डला (अभिमत विद्यापीठात) मिळत होतं पण वर्षाला पंचवीस लाखांच्या घरात फी आणि होस्टेल-मेस वेगळं. ह्यांची नोकरी थोडीच वर्षं राहिलीये, फ्लॅटचं कर्ज आत्ताशी फिटलंय, तो पुन्हा गहाण टाकायचा का?

मग वाशीच्या एका कन्सल्टंटकडे जाऊन आलो. तो म्हणतो बिश्केक नाहीतर जॉर्जिया, सगळं मिळून तीसेक लाख, फेब्रुवारीची इनटेक आहे, कॉलेज डब्ल्यूएचओ अप्रूव्हड आहे, परत आलं की एक परीक्षा द्यायची, झालं. ह्यांना पटलंय. मला नाही पटत पण का नाही पटत ते धड सांगता येत नाही. मुलगी म्हणते आई मी अजून एक वर्ष देते.

माझा प्रश्न फीचा नाहीये, ते आम्ही बघू. आज जे नियम सांगतायत ते ती सहा वर्षांनी परत येईल तेव्हा असतील का? कारण तिच्या दहावीपासून बघतेय, नेक्स्ट (एमबीबीएसच्या शेवटी देशभर एकच परीक्षा) येणार नेक्स्ट येणार म्हणाले, ती पुढे ढकलली, मग बाहेर जाणाऱ्यांचे नियम बदलले, मग युक्रेन झालं. डोकं भंजाळलंय.


ऐरोलीकर

"सीटा संपत आल्यात" म्हणाला का नाही तो? म्हणालाच असणार. आमच्या मेव्हण्याला पण म्हणाला होता आणि तेव्हा जुलै चालू होता.


हर्षल_नेरूळ

ताई, मी किरगिझस्तानातून करून आलोय, आत्ता इंटर्नशिप चालू आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो, रात्रपाळी आहे त्यामुळे तुटक झालं तर समजून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे ते डब्ल्यूएचओ अप्रूव्हड. डब्ल्यूएचओ कुठल्याच मेडिकल कॉलेजला मान्यता देत नाही, तो त्यांचा धंदाच नाही. ते ज्या यादीकडे बोट दाखवतात ती वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स, आणि त्यात नाव असणं म्हणजे फक्त कॉलेज अस्तित्वात आहे एवढंच. एनएमसी, म्हणजे आपल्याकडचा वैद्यकीय शिक्षणाचा नियामक आयोग, तो पण परदेशी कॉलेजांची कुठली 'मान्य यादी' काढत नाही. म्हणजे एजंट एनएमसी अप्रूव्हड म्हणाला तरी तीच गत.

एनएमसी काय करते तर अटी सांगते, आणि त्या बसतात की नाही ते तुम्ही तुमचं बघायचं. या अटी १८ नोव्हेंबर २०२१ ला आल्या. तुमच्या मुलीला त्याच लागणार. कोर्स कमीतकमी ५४ महिन्यांचा पाहिजे, वर १२ महिने इंटर्नशिप त्याच कॉलेजात, शिकवणं इंग्रजीत, सगळं दहा वर्षांत पुरं, आणि परत आल्यावर इथं पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. म्हणजे इंटर्नशिप दोनदा, हे लोकांना पुढे कळतं. आणि सगळ्यात अडचणीची अट ही की त्या देशात तिथल्या नागरिकाला जशी प्रॅक्टिसची परवानगी मिळते तशी तुम्हाला मिळायला पाहिजे. आता हे कुठल्या एजंटला विचारा, तो तुम्हाला हॉस्टेलचे फोटो दाखवेल.

फिलिपिन्सला गेलेल्यांचं घोडं इथंच अडलं. तिथला कायदा परदेशी माणसाला प्रॅक्टिस करू देत नव्हता, आणि तिथला बीएस हा आधीचा कोर्स एनएमसीने मेडिकलमध्ये धरायला नकार दिला. त्याआधी तिथं आपल्याकडची मुलं झुंडीनं जात होती, दाक्षिणात्य तर खूप. तिकडचा कायदा १९५९ चा, इकडचा नियम २०२१ चा, आणि मधल्यामधे पोरगं.

परत आल्यावरची 'एक परीक्षा' म्हणजे एफएमजीई. ३०० प्रश्न, १५० आले की पास, निगेटिव्ह नाही, वर्षात दोनदा होते. ऐकायला सोपं वाटतं ना, पण बसलेल्यांतले साधारण पाचात एक, कधी चारात एक पास होतो. ती झाली की इंटर्नशिपची जागा शोधा, कारण कॉलेजात परदेशातून आलेल्यांसाठी साडेसात टक्केच जागा असा दंडक आहे. माझं तर कोविडमध्ये घरी बसून ऑनलाइन झालेलं शिक्षण, ते भरून काढल्याचा दाखला आणा म्हणाले, त्या कागदपत्रांच्या पडताळणीत मी कित्येक महिने नुसता घरी बसून होतो. आईनं सोसायटीत सांगून ठेवलं होतं की तो पीजीचा अभ्यास करतोय.

एक सोय आहे मात्र. नीटचा निकाल बाहेर जायला तीन वर्षं चालतो. म्हणजे फेब्रुवारीतच जायला पाहिजे असं काही नाही, ड्रॉप घेऊन मग गेली तरी चालेल. हे तुम्हाला त्यानं सांगितलं का?


वसुधा_कासारवडवली

नाही सांगितलं!! उलट आत्ता नाही गेली तर वर्ष वाया म्हणाला. बाकी दोनदा इंटर्नशिप हे पण आत्ता कळतंय. ह्यांना वाचायला दिलंय.


कोपरीची_मामी

माझा भाचा खार्कीवला होता. तिसऱ्या वर्षाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेट्रो स्टेशनमध्ये झोपायची मुलं, आम्ही इथं फोन चार्ज करून बसलेलो. सरकारनं आणलं त्यांना, ऑपरेशन गंगामध्ये २२ हजारांवर माणसं आली, त्याबद्दल आजही हात जोडते. पण आणल्यानंतर काय हो? इथल्या कॉलेजात घ्या म्हणून सगळे आईबाप दिल्लीला आंदोलनं करून आले, तर कायद्यात तशी तरतूद नाही म्हणाले. बरोबरच असेल, इथं नीटमध्ये राहिलेल्या मुलांवर अन्याय झाला असता, पण आपलं पोर असलं की बरोबर काय ते सुचत नाही. मग सप्टेंबर २०२२ मध्ये मोबिलिटी काढली, म्हणजे दुसऱ्या देशात जाऊन शिका पण डिग्री युक्रेनच्या मूळ कॉलेजचीच. तो जॉर्जियात शिकला, डिग्री खार्कीवची. शेवटच्या वर्षातल्यांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं, मार्च २०२३ मध्ये त्यांना इथंच परीक्षा द्यायला एकदाची मुभा मिळाली आणि वर दोन वर्षांची इंटर्नशिप.

मला एवढंच सांगायचंय वसुधाताई, आपण कॉलेज बघतो, देश कुठं बघतो. २०२४ च्या मे महिन्यात बिश्केकला परदेशी मुलांच्या हॉस्टेलवर जमाव चालून गेला. त्याच वर्षी बांगलादेश पेटलं, तिकडून मुलं आली. २०२५ ला इराणमधून आणली. हे सगळं मेडिकलवालेच होते बहुतेक.


सीवूड्सचा_सनी

मामी असं घाबरवू नका, हजारो मुलं आरामात करून येतात. माझा मित्र रशियातून करून आला, आज पनवेलला स्वतःचं क्लिनिक आहे. कमी मार्क पडले म्हणून डॉक्टर व्हायचं नाही का? पैसेवाल्याचा मुलगा कमी मार्कांवर डीम्डला चालतो, मग मध्यमवर्गीयाचा रशियाला का नको.


हर्षल_नेरूळ

सनी, नको कुठं म्हणतोय, मी स्वतः गेलो होतो की. नियम बघून जा एवढंच. तुझा मित्र २०२१ च्या आधीचा असणार, त्याला जुने नियम. त्याची आणि आत्ता जाणाऱ्याची डिग्री दिसायला सारखीच पण तारखेनं फरक पडतो.


व्यवस्थापन

एका प्रतिसादातला कन्सल्टंटचा फोन नंबर काढला आहे. जाहिरात करू नये. आरक्षणावरून सुरू झालेले काही प्रतिसादही उडवले आहेत, त्यासाठी आधीचे भरपूर धागे आहेत.


जुना_आरएमओ

नौपाड्यात माझी प्रॅक्टिस होती, आता बंद केली. मी परळचा, म्हणजे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचा. वसुधाताईंचा प्रश्न पैशाचा नाही म्हणाल्या म्हणून लिहायला बसलो, नाहीतर अशा धाग्यांवर लोक फीच मोजतात.

नियम टिकतील का विचारलंत. तर आपल्याकडे वैद्यकीय शिक्षणाचे नियम आपण एकट्यानं कधी ठरवलेच नाहीत, बाहेरून धक्का बसला की आत हालचाल होते असाच इतिहास आहे. १९३० साली लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलनं हिंदुस्थानातल्या डिग्र्यांची मान्यता काढून घेतली. इथं आरडाओरडा झाला, आणि त्यातून १९३३ चा कायदा आला, १९३४ मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया उभी राहिली. म्हणजे आपली कौन्सिलच मुळी लंडनच्या नकारातून जन्मली. त्याच काळात आमचं कॉलेज, १९२६ चं, तिथं शिकवणारे सगळे भारतीयच असावेत अशी देणगी देणाऱ्यांची अट होती. दोन्ही एकाच हवेतले.

मग १९४६ ला भोर समिती. तिनं सांगितलं डॉक्टर एकाच दर्जाचा हवा, एलसीपीएस वगैरे डिग्रीखालचे लायसन्शिएट कोर्स बंद करा. आमच्या लहानपणी ठाण्यात एलसीपीएसची पाटी असलेले डॉक्टर होते, तापाला लाल औषधाची बाटली, बाटलीवर कागदाची पट्टी कापून डोसाच्या खुणा. हात चांगला होता हो त्यांचा. ते कोर्स गेले, आणि खेड्यात जायला कोणी उरलं नाही असं म्हणणारेही आहेत. मी त्यातला अर्धा.

१९७५ मध्ये पुन्हा लंडन. मी कॉलेजातच होतो. तोपर्यंत इथली एमबीबीएस घेऊन विलायतेत थेट नाव नोंदवता यायचं, आमच्या सीनियरांच्या बॅगा भरलेल्या असायच्या. त्या वर्षी त्यांनी सरसकट मान्यता काढली आणि परीक्षा लावली, तीच पुढे प्लॅब झाली. आमच्या बॅचचे अर्धे मग अमेरिकेकडे वळले. कोणी धोरण म्हणून नाही, तो दरवाजा उघडा होता म्हणून.

आता परवाचं घ्या. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या अमेरिकेतल्या ईसीएफएमजी या संस्थेनं २०१० मध्येच सांगून ठेवलं होतं की पुढं ज्या देशाची मान्यता देणारी संस्था वर्ल्ड फेडरेशन फॉर मेडिकल एज्युकेशनच्या मापाला उतरेल त्याच देशातल्या कॉलेजांची मुलं आम्ही धरू. आधी २०२३ ची मुदत होती, ती पुढे सरकली. आणि आपल्या एनएमसीला ही मान्यता कधी मिळाली? सप्टेंबर २०२३, दहा वर्षांसाठी. मधल्या काळात २०१९ चा कायदा झाला, २५ सप्टेंबर २०२० ला जुनी कौन्सिल जाऊन एनएमसी आली, २०१९ च्या बॅचपासून अभ्यासक्रम बदलला, पहिल्या वर्षापासून पेशंट दाखवायचे, रुग्णाशी बोलायचं कसं ते शिकवायचं, नंतर कुटुंब दत्तक घ्यायचं हेही आलं. हे सगळं फिलाडेल्फियासाठी (ईसीएफएमजी तिथली) केलं असं मी म्हणत नाही, जुन्या कौन्सिलमध्ये घाण झालीच होती. पण बाहेरची तारीख डोक्यावर होती हेही खरं.

तेव्हा ताई, नियम टिकणार नाहीत. ते धरूनच चाला. कुठला नियम बदलला की आपल्याला सगळ्यात कमी लागेल एवढंच बघायचं. इथली सीट असेल तर बदलाचा फटका सगळ्या बॅचला मिळून बसतो, आंदोलन होतं, कोर्ट होतं, मुदतवाढ मिळते. नेक्स्ट परीक्षाच बघा, २०१९ च्या बॅचला लावायची ठरली आणि जुलै २०२३ मध्ये पुढं ढकलली, मुलांनी ओरडा केला म्हणून. परदेशातल्या मुलाचा ओरडा ऐकायला कोणाला मत मागायचं नसतं.


ऐरोलीकर

डॉक्टर, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे. पण जागा वाढल्यात ना आता? २०१४ मध्ये देशात ५१ हजार एमबीबीएसच्या जागा होत्या, दहा वर्षांत १ लाख १८ हजाराच्या आसपास गेल्या. आपल्या अंबरनाथला सरकारी कॉलेज झालं, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात एका दिवशी दहा कॉलेजांचं उद्घाटन झालं. कळव्याला महापालिकेचं आहेच कधीचं. मग मुलं बाहेर का जातायत?


जुना_आरएमओ

कारण परीक्षेला बसणारे वीस लाखांच्या वर आहेत. आणि सरकारी जागेची फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास, डीम्डची तिच्या पंधरापट. मधली पायरीच नाही. खाजगीतली स्टेट कोट्याची जागा ही मधली पायरी, ती चारशे मार्कांना मिळत नाही.

कॉलेज उद्घाटनानं चालत नाही ऐरोलीकर, मास्तर लागतात. ॲनाटॉमी शिकवायला माणूस मिळत नाही. एनएमसीनं २०२५ मध्ये नियम सैल केले, कमीत कमी २२० खाटांच्या सरकारी हॉस्पिटलात दहा वर्षं काम केलेला पीजी झालेला डॉक्टर आता असोसिएट प्रोफेसर होऊ शकतो. काही म्हणतील दर्जा गेला. मी म्हणेन त्या माणसानं निदान पेशंट तरी पाहिलेत, हजेरीपुरते कॉलेजात येणाऱ्या काही प्रोफेसरांपेक्षा बरा. पण शिकवणं ही वेगळी कला आहे, ती खाटा मोजून येत नाही.


ऐरोलीकर

आणि राज्यात दहा लाख लोकसंख्येमागे १०० पेक्षा जास्त जागा नकोत, त्या नियमाचं काय झालं?


जुना_आरएमओ

२०२३ च्या ऑगस्टमध्ये काढलं. दक्षिणेतली राज्यं आधीच त्या आकड्याच्या वर, तमिळनाडू तर उसळलंच, आम्ही पैसे घालून कॉलेजं उभी केली त्याची शिक्षा का म्हणून. मग पुढं ढकललं. तमिळनाडूचं नीटशी पण जमत नाही, त्यांनी २०२० मध्ये सरकारी शाळेतल्या मुलांना साडेसात टक्के आतल्या आत राखून ठेवले. हर्षलच्या साडेसात टक्क्यांशी त्याचा संबंध नाही, हो, नाहीतर कोणीतरी घोळ घालेल.

आपल्याकडे राज्य म्हणून एवढं भांडलं जात नाही. २०१६ ला नीट आली तेव्हा आपली मुलं स्टेट बोर्डाची पुस्तकं घेऊन बसली होती आणि मे महिन्यात कळलं की पेपर एनसीईआरटीवर. तेव्हा भांडलो थोडे, केंद्रानं वटहुकूम काढून त्या वर्षापुरती राज्याच्या सीईटीची सवलत दिली. पुढच्या वर्षी गप्प.


बेलापूरचा_बाप

राज्याच्या नियमाचा विषय निघालाय म्हणून. वसुधाताई, ड्रॉपसाठी राजस्थानात कोटा शहरात वगैरे पाठवायचा विचार असेल तर हरकत नाही, बारावी झालीये तिची. पण इथं वाचणाऱ्या दहावीच्या पालकांनी कान देऊन ऐका. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्याला डोमिसाइल तर लागतंच, वर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास लागतात. केंद्र सरकारी कर्मचारी वगैरेंच्या मुलांना सवलती आहेत पण आपण सामान्य माणूस. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मुलानं कोटा शहरात डमी शाळेतून (नाव शाळेत, हजेरी क्लासला) बारावी केली, राजस्थानातून. मार्क भारी पडले. महाराष्ट्राचा कोटा गेला कारण बारावी तिकडची, राजस्थानचा नाही कारण तो तिकडचा नाही, राहिले ते १५ टक्के ऑल इंडिया. तिकडं साऱ्या देशाशी मारामारी. त्याच मार्कांवर इथली मुलं सरकारीत गेली. हे क्लासवाल्यांनी सांगायला नको होतं? त्यांचा बॅनर लागला ना 'अभिनंदन' म्हणून, विषय संपला.

दुसरं ते ७०:३० चं. पूर्वी राज्याचे तीन भाग होते, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र, आणि त्या त्या भागातल्या ७० टक्के जागा तिथल्याच मुलांना. आपल्याकडं कॉलेजं जास्त म्हणून मुंबई-ठाण्याची मुलं कमी मार्कांवर निघायची. सप्टेंबर २०२० मध्ये ते काढून टाकलं, आता राज्यात एकच यादी. लातूरची मुलं थेट तुमच्या मुलीच्या समोर आहेत. मराठवाड्यावर आधी अन्याय होता हे मान्य करायलाच पाहिजे, पण ठाण्यातल्या क्लासांना अजून ते उमगलेलं नाही, राम मारुती रोडवर अजून जुन्या कटऑफची स्वप्नं विकतात.


सीवूड्सचा_सनी

लातूरची मुलं पहाटे चारला उठतात, आपली रील बघत दीडला झोपतात. त्यात पॉलिसी काय करणार.


कोपरीची_मामी

सनी तू किती वाजता झोपतोस रे, तुझा प्रतिसाद पावणेतीनचा आहे.


वसुधा_कासारवडवली

😂 सनी सापडला.

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ह्यांचा आता नवा मुद्दा: इथं जागा मिळवून, सरकारी मिळाली तर वर बाँड, मग पीजीची मारामारी, त्यापेक्षा बाहेरून केलं तर पुढं अमेरिका-इंग्लंडचा रस्ता मोकळा. कन्सल्टंटनं हेच सांगितलंय, 'युरोपियन डिग्री' म्हणून. खरं आहे का?


बेलापूरचा_बाप

बाँडला काय घाबरायचं, एक वर्षाची सेवा आहे सरकारी कॉलेजातून झाल्यावर. एक वर्ष वाडा-मोखाड्याकडे काढलं तर मुलगी शिकूनच येईल, मी म्हणेन तो फायदा धरा.


पामबीच_ते_पेन्सिल्व्हेनिया

मी वाशीची, इथं अमेरिकेत रेसिडेन्सीच्या (पीजी ट्रेनिंगच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. इंडियातूनच एमबीबीएस केलं. काका, 'युरोपियन डिग्री' ऐकून हसू आलं, सॉरी. इथं कोणी डिग्री युरोपियन आहे का बघत नाही. ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट मिळतं का, स्टेप (इथल्या लायसन्सच्या) परीक्षा झाल्या का, कुठल्या हॉस्पिटलात काम केलंय, कोणी पत्र दिलंय का हे बघतात. स्टेप वन जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास झालीये, पूर्वी त्यात मार्क काढून परदेशी मुलं नजरेत भरायची, तो एक आधार गेला, आता सगळा भार स्टेप टू वर. हा अमेरिकेतला अंतर्गत निर्णय, त्यांच्या मुलांचा ताण कमी करायला घेतलेला, फटका कुणाला तर वाशीच्या मुलीला.

व्हिसा तर वेगळंच प्रकरण. बहुतेकजण जे-वन वर येतात. त्याला भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं, की शिकून झाल्यावर हा डॉक्टर आम्हाला हवाय म्हणून. आणि शिकून झालं की दोन वर्षं मायदेशी परत जायचं, नाहीतर इथल्या डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षं काम करून ती अट माफ करून घ्यायची, त्याच्या प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. भारतानं २०११ पासून डॉक्टरांना 'परत यायची गरज नाही' असा दाखला देणंच बंद केलं. म्हणजे दोन्ही सरकारांना मी परत यायला हवीय, फक्त मधल्या काळात मी कुठल्यातरी कॉर्नफील्डमध्ये डायबेटीस बघावा अशी इथल्यांची इच्छा आहे. एच-वन (नोकरीच्या व्हिसा) वर येणारे पूर्वी यातून सुटायचे, पण सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वनला एक लाख डॉलर फी लावली. हॉस्पिटलं ती का भरतील नवख्या डॉक्टरसाठी? माझ्या प्रोग्रामनं तर एच-वन देणं थांबवलंय.

इंग्लंडचं माझ्या बॅचमेटला विचारलं. प्लॅब पास होऊन लोक नोकरीविना बसलेत. तिथल्या सरकारनं २०२५ च्या जुलैमध्ये दहा वर्षांची आरोग्य योजना काढली, त्यात ट्रेनिंगच्या जागांना आधी तिथल्या कॉलेजातून शिकलेले असं सरळ म्हटलंय. आरएमओ काकांचं १९७५ वाचून अंगावर काटा आला, तीच गोष्ट चालू आहे की.

आणि इंडियातून केलेल्याला एक फायदा आत्ता आहे, ती २०२३ ची वर्ल्ड फेडरेशनची (डब्ल्यूएफएमई) मान्यता. एनएमसीची कॉलेजं त्यात येतात, कळव्याचं काय नि नेरूळ-कामोठ्याचं काय. बाहेरच्या देशाचं ते तपासूनच घ्यावं लागतं.


हर्षल_नेरूळ

जॉर्जियाबद्दल एक राहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं उच्च शिक्षणाची सुधारणा जाहीर केली, त्यात सरकारी विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थी घेणं बंद करायचं असं आहे, काही अपवाद सोडून. म्हणजे पुढे बाहेरच्यांसाठी मुख्यतः खाजगीच. कन्सल्टंट कुठल्या कॉलेजचं नाव घेतोय ते बघा.

आणि तरीही कोणाला जायचंच असेल तर माझं ऐका, कॉलेजकडून लेखी घ्या की कोर्स किती महिन्यांचा, इंटर्नशिप त्यात धरलीये का वेगळी, कुठल्या हॉस्पिटलात, पेशंटशी बोलायला तिथली भाषा शिकवतात का (वर्गात इंग्रजी असतं हो, वॉर्डात आजीबाई रशियन बोलते आणि आपण मान हलवत उभे), आणि पास झाल्यावर त्या देशात लायसन्स मिळतं का त्याचा तिथल्या मंत्रालयाचा कागद, एजंटचा नाही. हा कागद ज्याला मिळाला तो जाऊ दे. बॅचमधले चारपाचजण अर्धवट सोडून आले, ते कुणाच्या आकड्यात धरतच नाहीत, ते आता काय करतात ते लिहीत नाही.


वसुधा_कासारवडवली

अपडेट. काल हे स्वतः गेले कन्सल्टंटकडे, हर्षलचा प्रतिसाद प्रिंट काढून. लायसन्सचा कागद मागितला. तो म्हणाला साहेब एवढं कोणी बघत नाही, सहा वर्षांनी नियम काय असतील कुणाला ठाऊक. हे म्हणाले तेच तर माझी बायको विचारतेय! आणि उठून आले. टोकनचे पैसे अजून दिलेले नव्हते, नशीब.

तर ड्रॉप ठरलंय. मात्र तिला सांगितलंय की स्टेट कोट्यातलं खाजगी पण लिस्टमध्ये टाकायचं, फक्त सरकारी सरकारी करत बसायचं नाही. खाजगीची फी कशी ठरते, तिथं पण मनाला येईल तेवढी का?


बेलापूरचा_बाप

नाही, स्टेट कोट्याच्या खाजगी जागांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, कॉलेजवार साइटवर असते. कॉलेजाकॉलेजात बराच फरक आहे, ऑप्शन भरताना हाताशी ठेवा. डीम्ड त्यांच्या कक्षेत येत नाही, म्हणून ती पंचवीस लाखांवर मोकळी. आणि मुलगी आहे म्हणून सांगतो, राज्यानं जुलै २०२४ मध्ये जीआर काढला, ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसीमधल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि प्रवेश कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) झालेला पाहिजे. डीम्डला नाही. ओपनमध्ये असलात तरी ईडब्ल्यूएसमध्ये बसता का ते बघितलंत का?


वसुधा_कासारवडवली

आठच्या थोडं वर जातंय ह्यांचं. फॉर्म सोळा काढून नीट बघायला सांगते.


जुना_आरएमओ

पगारच बघू नका, केंद्राच्या ईडब्ल्यूएसला घराची नि जमिनीची पण अट आहे, राज्याच्या दाखल्याला काय लागतं ते तहसीलदार कचेरीत आधी विचारून घ्या. आणि दाखला त्या त्या आर्थिक वर्षाचा लागतो, आत्ता काढून ठेवलात तर जूनमध्ये चालणार नाही, एप्रिल उजाडल्यावर जा. सेतूत तेव्हा रांग असते, सकाळी लवकर.